साठीनंतरच्या व्यायामाची पावती रोजच्या कामांत

पुण्यातील पर्वतीच्या पायऱ्या आणि वेताळ टेकडी, मुंबईतील शिवाजी पार्क, तालुक्याच्या गावी शाळेचे मैदान किंवा गावाबाहेर जाणारा एखादा मोकळा रस्ता... पहाटेच्या वेळी अशा ठिकाणी ज्येष्ठांची वर्दळ हे महाराष्ट्रातील परिचित दृश्य आहे. निवृत्तीनंतर मोठ्या उत्साहाने सुरू झालेला हा उपक्रम अनेकांच्या बाबतीत मात्र दोन-तीन महिन्यांतच थंडावतो. ‘एवढे चालूनही वजन काही उतरले नाही’, ही त्यामागची नेहमीची तक्रार असते.

उतारवयात वजनकाट्याची ही कसोटी फारशी उपयोगी पडत नाही. साठीनंतर सुरू केलेल्या व्यायामाचा पहिला परिणाम घरातल्या आणि घराबाहेरच्या साध्या कामांत दिसू लागतो. पाटावरून उठताना हात टेकावा लागत नाही, दुसऱ्या मजल्यावर पोहोचल्यावर दम खात उभे राहावे लागत नाही, एसटीची पहिली पायरी पूर्वीइतकी उंच वाटत नाही. हे बदल इतके लहान असतात, की ज्याच्या शरीरात ते घडतात त्याच्याही ते ध्यानात येत नाहीत. परंतु पुढील दहा-पंधरा वर्षे माणूस स्वतःच्या पायांवर उभा राहणार की दुसऱ्याच्या आधाराने जगणार, हे याच लहान बदलांवर ठरत असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या आपल्या वार्धक्यविषयक अहवालात निरामय वार्धक्याची व्याख्या करताना रोगाच्या अभावापेक्षा कार्यक्षमतेला अधिक महत्त्व दिले. मधुमेह किंवा रक्तदाब असलेली व्यक्तीही आपल्याला मोलाची वाटणारी कामे करू शकत असेल, तर तिचे वार्धक्य चांगले चालले आहे, अशी ही भूमिका आहे. २०२१ ते २०३० हे दशक संयुक्त राष्ट्रांनी निरामय वार्धक्याचे दशक म्हणून जाहीर केले आहे. भारतात २०११ च्या जनगणनेनुसार साठ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींची संख्या १० कोटींवर होती. त्यामुळे हा प्रश्न घरोघरीचा आहे.

क्षमतेचा राखीव साठा

कोणत्याही कामासाठी शरीराला ठरावीक प्राणवायू आणि स्नायूंचे ठरावीक बळ लागते. स्वस्थ बसलेल्या माणसाला जेवढा प्राणवायू लागतो, त्याच्या दोन ते तीन पट सावकाश चालण्यास, तर चार पट किंवा त्याहून अधिक जिना चढण्यास लागतो. कामाचा हा खर्च वयाबरोबर फारसा बदलत नाही. बदलते ती खर्च करण्याची ऐपत. प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता प्रौढ वयात दर दशकाला साधारण १० टक्क्यांनी घटत जाते.

ज्या व्यक्तीची कमाल क्षमता विश्रांतीच्या पाचपट आहे, तिला चारपट खर्चाचा जिना चढताना आपली ८० टक्के ताकद पणाला लावावी लागते. धाप लागणार, हे उघड आहे. व्यायामाने हीच क्षमता सहापटीवर गेली, तर तोच जिना ६७ टक्क्यांत चढून होतो. पायऱ्या तेवढ्याच असतात, पण वर पोहोचल्यावर शेजाऱ्याशी बोलता येते. ‘हल्ली जिना सोपा वाटतो’ या साध्या वाक्यामागचे गणित हे असे आहे. तरुणपणी हा राखीव साठा मुबलक असल्याने त्याची जाणीव होत नाही. उतारवयात तो थोडा कमी झाला की काम अवघड होते आणि थोडा वाढला की तेच काम पुन्हा आवाक्यात येते. व्यायामाचा लाभ ज्येष्ठांना रोजच्या व्यवहारात प्रकर्षाने जाणवण्याचे कारण हेच.

स्नायूंच्या बाबतीतही असेच घडते. तिशीनंतर दर दशकाला साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो, असे मानले जाते. वयानुसार होणाऱ्या या स्नायुक्षयाला ‘सार्कोपेनिया’ हे नाव अमेरिकी संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये सुचवले. मांडीचे पुढचे स्नायू दुबळे झालेल्या व्यक्तीला खुर्चीतून उठण्यासाठीही आपली जवळजवळ सगळी ताकद लावावी लागते. मग दोन्ही हातांनी खुर्चीचे हात दाबून ‘आई गं’ म्हणत उठणे ही सवय होते आणि ते वयाचे लक्षण मानले जाते.

वयाचा वाटा किती, निष्क्रियतेचा किती?

अमेरिकेतील डॅलस येथे १९६६ मध्ये झालेला एक प्रयोग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहण्यास सांगण्यात आले. त्यानंतर त्यांची शारीरिक क्षमता लक्षणीयरीत्या घटलेली आढळली. तीस वर्षांनी, म्हणजे पन्नाशीत, याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तीस वर्षांच्या वयोमानाने त्यांच्या क्षमतेची जेवढी हानी झाली होती, त्याहून अधिक हानी तरुणपणीच्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने केली होती. पुढे सहा महिने चालणे, हळू धावणे व सायकल चालवणे असा बेताचा व्यायाम त्यांच्याकडून करून घेतल्यावर त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता विशीतील मूळ पातळीवर आली.

पाच जणांच्या प्रयोगावरून सर्वांसाठी नियम काढता येत नाही, हे खरे. तरीही ‘वय झाले’ या दोन शब्दांत जे सारे जमा केले जाते, त्यातला मोठा भाग वयाचा नसून बसून राहण्याचा असतो, हे त्यातून स्पष्ट झाले. आजारपणानंतर महिनाभर ‘पूर्ण विश्रांती’ घेतलेल्या ज्येष्ठाला पुन्हा चालते करणे का अवघड जाते, याचेही उत्तर त्यात मिळते.

नव्वदीतील व्यायाम

‘आता या वयात काय होणार?’ या शंकेचे उत्तर बोस्टन येथील संशोधक मारिया फियाटारोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात वृद्धाश्रमात राहणाऱ्या ८६ ते ९६ वर्षे वयाच्या दहा व्यक्तींनी भाग घेतला. आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम पूर्ण करणाऱ्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची हातातली काठी सुटली.

१९९४ मध्ये याच गटाने १०० वृद्धांवर दहा आठवड्यांचा प्रयोग केला. त्यांचे सरासरी वय ८७ होते. व्यायाम करणाऱ्यांच्या स्नायूंची ताकद ११३ टक्क्यांनी, जिना चढण्याची शक्ती २८ टक्क्यांनी आणि चालण्याचा वेग सुमारे १२ टक्क्यांनी वाढला. मांडीच्या स्नायूंचा आकार मात्र जेमतेम २.७ टक्के वाढला. ताकद दुपटीवर गेली आणि मांडी जवळपास होती तेवढीच राहिली. सुरुवातीच्या आठवड्यांत वाढणारी ताकद ही मुख्यतः मज्जासंस्थेची करामत असते. मेंदू आणि मज्जातंतू असलेल्याच स्नायूंकडून अधिक चांगले काम करून घ्यायला शिकतात. स्नायू भरण्यास वेळ लागतो. वजनकाटा आणि आरसा हे दोघेही अशा वेळी मौन पाळतात, यात म्हणूनच नवल नाही.

याच प्रयोगातील आणखी एक निष्कर्ष भारतीय घरांसाठी महत्त्वाचा आहे. ज्यांना व्यायामाशिवाय केवळ पोषक पेय देण्यात आले, त्यांच्या अशक्तपणात फरक पडला नाही. टॉनिकच्या बाटलीवर भिस्त ठेवणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

बसणे आणि उठणे

मराठी घरात जमिनीवर बसण्याचे प्रसंग अजूनही पुष्कळ असतात. पूजा, पंगत, भजन, पापड-कुरडयांची वाळवणे, नातवंडांबरोबरचा खेळ या सर्वांत खाली बसावे लागते. गुडघे कुरकुरू लागले की प्रथम पाट जातो व खुर्ची येते. नंतर भारतीय पद्धतीच्या शौचालयाची भीती वाटू लागते. पुढे ज्या नातेवाइकांकडे कमोड नाही त्यांच्याकडे मुक्कामाला जाणे टळू लागते. एका साध्या हालचालीबरोबर माणसाचा वावर असा आक्रसत जातो.

ब्राझीलमधील डॉक्टर क्लाउडिओ गिल अराउजो यांनी नेमकी हीच हालचाल तपासणीसाठी निवडली. जमिनीवर बसण्यास पाच व उठण्यास पाच असे दहा गुण. हात, गुडघा असा प्रत्येक आधार घेतल्यास एक गुण वजा आणि तोल गेल्यास अर्धा गुण वजा, अशी ही चाचणी आहे. ५१ ते ८० वर्षे वयाच्या २,००२ व्यक्तींची माहिती त्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. कमी गुण मिळालेल्या व्यक्तींमध्ये पुढील काही वर्षांतील मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. खाली बसता न येणे हे मृत्यूचे कारण आहे, असा याचा अर्थ नाही. पायांची ताकद, लवचीकपणा, तोल आणि अंगावरचे वजन या साऱ्यांचा हिशेब या एका हालचालीत एकवटतो, एवढाच त्याचा बोध आहे. नियमित व्यायामानंतर दोन हातांऐवजी एका हाताच्या आधाराने उठता येऊ लागले, तर ती प्रगती मोजण्याजोगी आहे.

जिना, रस्ता आणि बस

घराबाहेरचा पहिला पुरावा जिन्यावर मिळतो. उद्वाहन नसलेल्या तीन-चार मजली इमारतींत राहणाऱ्या ज्येष्ठांना तो दिवसातून दोनदा तरी मिळू शकतो. कोणत्या मजल्यावर थांबावे लागते, कठडा धरावा लागतो की नुसता हात ठेवला तरी चालते, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकावे लागतात की आलटून पालटून चढता येते, या बारकाव्यांत फरक दिसतो. मुंबईत रेल्वेचा पादचारी पूल हीच परीक्षा घेतो.

दुसरा पुरावा रस्ता ओलांडताना मिळतो. पादचाऱ्यांसाठीच्या सिग्नलची वेळ ठरवताना सामान्यतः सेकंदाला १.२ मीटर चालण्याचा वेग गृहीत धरला जातो. अनेक वृद्धांचा वेग त्याहून कमी असतो आणि दिवा बदलतो तेव्हा ते रस्त्याच्या मध्यावर असतात. अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात ६५ वर्षांवरील ३४,४८५ व्यक्तींचा चालण्याचा वेग व आयुर्मान यांचा जवळचा संबंध आढळला. घाई न करता रस्ता पार होऊ लागणे ही म्हणूनच किरकोळ बाब समजू नये. बसमध्ये चढताना दांडीला लोंबकळावे न लागणे, बस सुटताना धक्का बसला तरी उभे राहता येणे, ही त्याचीच पुढची पायरी.

हातांची कामे

चालण्याच्या व्यायामात हात विसरले जातात. प्रत्यक्षात बरणीचे झाकण उघडणे, कपडे पिळणे, कणीक मळणे, पाण्याची बादली उचलणे, बाजारातून भाजीची पिशवी आणणे, ही कामे मनगट व मुठीच्या ताकदीवर चालतात. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केलेल्या, भारतासह १७ देशांतील सुमारे १ लाख ४० हजार प्रौढांच्या अभ्यासात मुठीची पकड दर ५ किलोने कमी असेल, तर मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी अधिक आढळला. पकड हे एकूण शरीरबळाचे सोपे मोजमाप मानले जाते.

खांद्यांचे असेच आहे. वेणी घालणे, पदर नीट करणे, सदऱ्यात हात घालणे, पाठीला साबण लावणे, वरच्या फळीवरचा डबा काढणे यांसाठी खांदा सर्व दिशांनी फिरावा लागतो. मधुमेहींमध्ये खांदा आखडण्याचे प्रमाण अधिक असते. कपडे घालताना मदतीची हाक मारावी न लागणे, हा तर प्रतिष्ठेचाही प्रश्न आहे.

न पडणे हाही लाभच

काही लाभ दिसत नाहीत, कारण ते अनिष्ट टळण्याच्या स्वरूपात असतात. पडणे हा त्यातला सर्वांत मोठा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार व्यक्ती पडल्यामुळे दगावतात आणि साठीपुढील व्यक्तींमध्ये हे प्रमाण सर्वाधिक आहे. खुब्याचे हाड मोडले की शस्त्रक्रिया, अंथरूण, परावलंबन आणि पुन्हा पडण्याची भीती ही साखळी अनेक कुटुंबांनी अनुभवलेली असते.

शरीराचा तोल डोळे, आतला कान आणि पायांतून मेंदूकडे जाणाऱ्या संवेदना यांवर अवलंबून असतो. सरावाने तो वाढवता येतो. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाने वृद्धांसाठी घरच्या घरी करावयाचा ताकद व तोल यांचा कार्यक्रम तयार केला. त्याच्या चाचण्यांत पडण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी झाले. २५ देशांतील १०८ चाचण्यांचा आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात व्यायामाने पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष निघाला. ओल्या मोरीत पाय सरकला पण सावरता आले, उंबरठ्याला ठेच लागली पण तोल गेला नाही, असे प्रसंग विसरून जाण्यासारखे नाहीत. ते व्यायामाच्या जमेच्या बाजूला लिहून ठेवावेत.

साखर, झोप आणि मन

जेवणानंतर शतपावली घालण्याची जुनी रीत शास्त्राला धरून आहे. चालताना स्नायू रक्तातील साखर वापरतात, त्यामुळे जेवणानंतर वाढणारी साखर आटोक्यात राहण्यास मदत होते. नियमित व्यायामाने रक्तदाब काहीसा उतरतो, झोप सुधारते, बद्धकोष्ठाचा त्रास कमी होऊ शकतो. फिरायला जाणारा गट, ज्येष्ठ नागरिक संघ किंवा मुंबईत १९९५ मध्ये डॉ. मदन कटारिया यांनी सुरू केलेल्या चळवळीतून पुढे ठिकठिकाणी निघालेले हास्य क्लब यांत माणसांशी बोलणे होते. एकट्या राहणाऱ्यांसाठी या सोबतीचे मोल व्यायामाइतकेच आहे.

लाभ नजरेआड का राहतो?

याचे पहिले कारण म्हणजे बदल संथ असतो. रोज दिसणाऱ्या नातवाची उंची जशी घरच्यांना कळत नाही, तसाच. दुसरे, त्रासाचा अभाव मनात नोंदला जात नाही. गुडघा दुखला तर तो दिवसभर आठवतो. दुखला नाही तर त्याची आठवणही होत नाही.

तिसरे कारण घरातल्या मायेचे आहे. ‘आई, तुम्ही बसा, मी करते’, ‘बाबा, पिशवी इकडे द्या’ या वाक्यांमागे आदर असतो. परंतु प्रत्येक काम हातातून काढून घेतले, तर ताकद जाण्याचा वेग वाढतो आणि ती परत आली तरी तिची परीक्षा होत नाही. ज्येष्ठाला जे काम सुरक्षितपणे जमते, ते त्यालाच करू देणे ही सुद्धा सेवाच आहे.

चौथे कारण सांस्कृतिक आहे. महाराष्ट्राला तालीम, मल्लखांब आणि व्यायामशाळांची मोठी परंपरा आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून कार्यरत आहे. पण ही परंपरा प्रामुख्याने तरुणांची, त्यातही पुरुषांची राहिली. वार्धक्य म्हणजे विश्रांती, ही समजूत तिच्या जोडीने नांदली. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे याला ठळक अपवाद. सूर्यनमस्काराचा प्रचार करणाऱ्या या राजाचे त्या विषयावरील इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनहून निघाले, तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती. पुण्यातील योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, दोर, ठोकळे अशी साधने वापरून आसने वृद्ध व आजारी व्यक्तींच्या आवाक्यात आणली आणि स्वतः नव्वदीतही साधना सुरू ठेवली. वृद्ध स्त्रियांच्या बाबतीत ‘घरकाम हाच व्यायाम’ हे ठरलेले उत्तर असते. घरकामाने हालचाल होते, हे खरे. परंतु तासन् तास ओट्याशी उभे राहण्याने ना दम वाढतो, ना तोल. त्यांच्यासाठी दिवसातील अर्धा तास मोकळा काढणे ही घराची जबाबदारी आहे.

नोंदवहीतील सहा कसोट्या

व्यायाम सुरू करण्याच्या दिवशी आणि त्यानंतर दर चार आठवड्यांनी पुढील नोंदी साध्या वहीत तारखेसह कराव्यात. चाचणीच्या वेळी घरातील कोणी तरी शेजारी उभे असावे.

१. खुर्चीतून उठणे : भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत बसून, हात छातीशी घडी करून, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे. अमेरिकी निकषांनुसार ६५ ते ६९ या वयोगटात पुरुषांना १२ व स्त्रियांना ११ पेक्षा कमी वेळा जमल्यास पडण्याचा धोका अधिक समजतात. इतरांच्या आकड्यापेक्षा स्वतःचा मागील आकडा महत्त्वाचा.

२. उठून चालणे : खुर्चीतून उठून ३ मीटर चालत जावे, वळून परत येऊन बसावे. १२ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागत असेल, तर तोलाकडे लक्ष द्यावे.

३. एका पायावर उभे राहणे : ओट्याजवळ किंवा भिंतीजवळ उभे राहून १० सेकंद जमते का, ते पाहावे. ५१ ते ७५ वर्षे वयाच्या १,७०२ व्यक्तींच्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाचांपैकी एकाला हे जमले नव्हते.

४. जिना : किती पायऱ्यांनंतर थांबावे लागले, कठडा धरावा लागला का आणि वर पोहोचल्यावर सलग वाक्य बोलता आले का, ते लिहावे.

५. खाली बसून उठणे : किती आधार लागले, ते मोजावे. गुडघ्याचा तीव्र विकार किंवा गुडघे अथवा खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी ही कसोटी टाळावी.

६. एक आवडते काम : देवळापर्यंत चालणे, बागेला पाणी घालणे, नातवाला उचलून घेणे, यांपैकी जे अवघड वाटू लागले आहे ते निवडावे आणि दर महिन्याला ते कसे जमले याचे एक वाक्य लिहावे.

यातली सहावी नोंद शास्त्रीय नाही, पण उमेद तीच टिकवते.

व्यायाम किती आणि कोणता?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम, किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल व ताकद यांचा एकत्रित सराव करावा. मध्यम गती ओळखण्याची खूण सोपी आहे : चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. एवढे जमत नसेल, तर जमेल तेवढे करावे. काहीच न करण्यापेक्षा थोडे बरे, असेही हे मार्गदर्शन सांगते. केंद्र सरकारच्या २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘फिट इंडिया’ उपक्रमानेही ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली आहे.

केवळ चालण्यावर थांबू नये. खुर्चीतून उठबस, भिंतीला हात टेकवून दंड, ओट्याला धरून टाचा उचलणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे यांना खर्च येत नाही. अमेरिकेत आठ केंद्रांवर ७० ते ८९ वर्षे वयाच्या १,६३५ व्यक्तींवर झालेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चालणे, ताकद आणि लवचीकपणा यांचा एकत्रित कार्यक्रम दिलेल्या गटातील ३०.१ टक्के व्यक्तींची ४०० मीटर चालण्याची क्षमता गेली. केवळ आरोग्यशिक्षण दिलेल्या गटात हे प्रमाण ३५.५ टक्के होते. फरक चमत्काराइतका मोठा नाही. मात्र ज्यांचे चालणे टिकले, त्यांच्यासाठी तो सर्वस्वाचा होता.

व्यायामाबरोबर डाळी, दूध, दही, अंडी, मासे यांतून पुरेशी प्रथिने मिळावीत. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आहारबदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.

सावधगिरी

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, वारंवार चक्कर येणे, अलीकडची शस्त्रक्रिया असल्यास सुरुवातीपूर्वी डॉक्टरांना विचारावे. छातीत दडपण, असह्य धाप, घेरी यांपैकी काही जाणवल्यास तत्काळ थांबून उपचार घ्यावेत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी लांब चालू नये आणि खिशात साखर ठेवावी. हाडे ठिसूळ झालेल्यांनी कमरेतून झटक्याने वाकणे टाळावे. गुडघेदुखी असलेल्यांनी व्यायाम सोडण्याचे कारण नाही. मांडीचे स्नायू बळकट करणे हा सांध्यांच्या झिजेवरील प्रमुख उपचारांपैकी एक आहे. मात्र तो फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावा.

खंड पडू नये

मिळवलेली ताकद कायमची नसते. बोस्टनमधील नव्वदीच्या गटाने व्यायाम थांबवल्यावर चार आठवड्यांतच सुमारे एक तृतीयांश बळ गमावले. पावसाळ्यात फिरणे बंद पडते, लग्नसराईत वेळापत्रक मोडते, आजारपण येते. अशा दिवसांत घरातल्या घरात येरझाऱ्या, खुर्चीची उठबस आणि एका पायावर उभे राहणे एवढे चालू ठेवले, तरी घसरण रोखता येते.

महिनाभराने वजन तेवढेच भरले, तर निराश होण्याचे कारण नाही. त्याच दिवशी वहीतला जिन्याचा रकाना पाहावा. गेल्या महिन्यात ‘दुसऱ्या मजल्यावर थांबलो’ असे लिहिले असेल आणि या महिन्यात ‘थांबलो नाही’ असे लिहिता आले, तर व्यायाम चालू ठेवण्यास तेवढे कारण पुरेसे आहे.